बिटाचा लाल रंग आणि आपलं रक्त

थंडी पडली की मंडईत बिटाचे ढीग लागतात आणि ढिगामागून ते वाक्य येतंच: "ताई, बीट घ्या, रक्त वाढतं." भाजीवालीचं मी मनावर घेत नाही, तिला माल खपवायचा असतो. पण चांगल्या शिकलेल्या घरांतही हेच ऐकलं की चीड येते. ओळखीतल्या एका मुलीचं हिमोग्लोबिन आठवर आलं होतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. "गोळ्या उष्ण पडतात" म्हणून त्या डब्यातच राहिल्या आणि आईने दोन महिने रोज सकाळी पेलाभर बिटाचा रस पाजला. पुन्हा तपासलं तेव्हा आकडा आठच.

बिटाचा लाल रंग येतो बीटालेन नावाच्या रंगद्रव्यातून. रक्ताला लाली देणाऱ्या हिमोग्लोबिनशी त्याचं काही नातं नाही. शंभर ग्रॅम बिटात लोह असतं जेमतेम ०.८ मिलिग्रॅम. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला दिवसाला लागतं २९ मिलिग्रॅम. नुसत्या बिटावर भिस्त ठेवायची तर रोज साडेतीन किलोहून जास्त बीट खावं लागेल! बिटात फोलेट चांगलं असतं, हे खरं. पण फोलेटअभावी होणारा ॲनिमिया वेगळा. आपल्याकडे सर्रास आढळतो तो लोह कमी पडल्याने होणारा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना ॲनिमिया होता. निम्म्याहून अधिक बायका! म्हणून हा गैरसमज मला निरुपद्रवी वाटत नाही.

वाईट याचं वाटतं की लोह त्याच बाजारात असतं. भाजीवाली बिटाचा पाला पिरगळून टोपलीमागे टाकते, त्या पाल्यात कंदाच्या किमान तिप्पट लोह आहे. तो मागून घ्या, बारीक चिरा, लसणाच्या फोडणीवर लोखंडी कढईत परता. पालेभाजीतलं लोह अंगी लागायला अवघड, त्याला क जीवनसत्त्वाची जोड हवी. म्हणून लिंबू पिळायचं, पण गॅस बंद केल्यावर. आचेवर क जीवनसत्त्व नासतं. हरभऱ्याचे कोवळे शेंडे, मेथी, सोलाण्यांची उसळ, हळिवाचे लाडू, सगळं याच दिवसांतलं. आणि बाजरीची भाकरी. महाराष्ट्रातल्या १२ ते १६ वयाच्या शाळकरी मुलांना सहा महिने लोहसमृद्ध वाणाच्या बाजरीची भाकरी रोज दोन वेळा दिली गेली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, आधी लोह कमी असलेल्या मुलांची उणीव भरून निघण्याचं प्रमाण साध्या बाजरीच्या गटापेक्षा ६४ टक्क्यांनी जास्त होतं. एवढं सगळं करून जेवणावर लगेच चहा मात्र घेऊ नका, त्यातली टॅनिन्स लोह अडवून धरतात. आणि हिमोग्लोबिन आठवर असेल तर भाकरी-भाजीही पुरणार नाही, गोळ्या घ्याव्याच लागतात. त्या मुलीच्या आईला हे पटवायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

बाकीचे गैरसमज चटकन उरकते. गाजर कच्चंच खावं असं नाही: शिजवून थोडं तूप घातलं की त्यातलं बीटा-कॅरोटीन उलट जास्त शोषलं जातं. फ्रीझरमधले मटार निकस नसतात. तोडल्यावर काही तासांत गोठवलेले दाणे चार दिवस टोपलीत पडलेल्या शेंगांपेक्षा कधीकधी सरसच ठरतात. पेरू-संत्र्याने सर्दी होत नाही, सर्दी विषाणूने होते. पेरूत तर संत्र्याच्या चौपट क जीवनसत्त्व असतं. चार फोडी मीठ लावून भाजी-भाकरीच्या ताटातच वाढा, लिंबू संपलं असेल त्या दिवशी तर नक्कीच.