मांजरीच्या पिल्लाचे बिघडलेले पोट

नव्या घरी आलेल्या मांजरीच्या पिल्लाला सुरुवातीला पातळ शी होणे नेहमीचेच. घर आणि अन्न एकदम बदलल्याने पोट बिघडते. म्हणून जुन्या अन्नात नवे थोडेथोडे मिसळत सात ते दहा दिवसांत बदल करावा. गाई-म्हशीचे दूध देऊ नये; त्यातील लॅक्टोज बहुतेक पिल्लांना पचत नाही.

जुलाब लांबले, तर बहुधा जंत किंवा जिआर्डिया, कॉक्सिडिया यांसारखे एकपेशीय परजीवी कारण असतात. गोलजंत आईच्या दुधातूनही येतात. पायरँटेलसारखे जंतांचे औषध वजनानुसार, दोन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्यावे लागते. एकपेशीय परजीवींवर मात्र ते चालत नाही. त्यासाठी ताज्या विष्ठेची तपासणी करून वेगळे औषध ठरते.

जुलाबासोबत उलट्या, ताप, सुस्ती किंवा रक्त दिसल्यास पॅनल्युकोपेनिया हा जीवघेणा विषाणूजन्य आजार असू शकतो. लस न घेतलेल्या पिल्लांना त्याचा धोका अधिक. अकोला-अमरावतीच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा पिल्लाच्या अंगातले पाणी झपाट्याने कमी होते. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. माणसांची औषधे देऊ नयेत; पॅरासिटामॉल मांजरांसाठी विषच आहे.