पोंबालचा दंडुका आणि गोमंतक

पळस्पे फाट्यावरून गोव्याचा रस्ता सुटतो. त्याच्या रुंदीकरणास २०११ साली हात घालण्यात आला आणि ते एका तपाहून अधिक काळ रखडले. गणेशोत्सवास गावी निघालेला चाकरमानी तेथे तासन्‌तास खोळंबतो व वैतागून म्हणतो, ‘या देशाला एखादा हुकूमशहाच हवा!’ त्याच्या संतापाविषयी आम्हांस सहानुभूती आहे. त्याने सुचविलेल्या औषधाविषयी नाही. हा रस्ता ज्या गोमंतकात जातो, तेथे ते औषध एकदा देऊन झालेले आहे.

१ नोव्हेंबर १७५५ रोजी भूकंपाने लिस्बन उद्ध्वस्त झाले. राजा जोझे हादरून गेला आणि राज्याची सारी सूत्रे, पुढे मार्क्विस द पोंबाल म्हणून प्रसिद्धीस आलेल्या त्याच्या मंत्र्याच्या हाती एकवटली. सरळ, प्रशस्त रस्त्यांचे नवे शहर पोंबालने उभारले. धक्के सोसणारे लाकडी सांगाडे भिंतींत घालविले. शिक्षण जेझुइटांच्या हातून काढून सरकारी शिक्षकांकडे दिले. याच पुरुषाने १७५९ च्या जानेवारीत राजावरील हल्ल्याच्या आरोपाखाली ताव्हरा या सरदार घराण्यातील माणसांना हाडे मोडून जाहीरपणे ठार करविले. जेझुइटांची हकालपट्टी त्याच वर्षीची. मालाग्रिदा या सत्तरी ओलांडलेल्या पाद्र्याला १७६१ साली इन्क्विझिशनकरवी गळा आवळून जाळण्यात आले. त्या न्यायासनावर तेव्हा पोंबालचा सख्खा भाऊच होता! त्याच साली पोर्तुगालच्या भूमीवर नवे गुलाम आणण्यास बंदी झाली. पण ब्राझीलच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून माणसे नेण्याचा व्यापार त्याच्याच कंपन्यांनी वाढविला.

गोमंतकावर त्याचे उपकार खरे आहेत, ते आम्ही नाकारीत नाही. देशी ख्रिस्ती प्रजेला पोर्तुगालमध्ये जन्मलेल्यांच्या बरोबरीचे हक्क देणारा हुकूम १७६१ चा. १५६० पासून गोमंतकीयांना, हिंदूंनाही, छळणारे इन्क्विझिशन त्याने १७७४ साली मोडीत काढले. ज्यांच्या पूर्वजांनी देव पाठीवर घेऊन रातोरात खाड्या ओलांडल्या, त्यांना याचे मोल सांगावयास नको.

परंतु पुढे काय झाले? १७७७ साली राजा मरण पावला, पोंबाल पदच्युत झाला आणि १७७८ साली इन्क्विझिशन पुन्हा सुरू झाले! ते कायमचे गेले १८१२ साली. समानतेचा हुकूम कागदावर राहिला. १७८७ च्या पिंटोंच्या कटात सामील झालेल्या देशी पाद्र्यांची तक्रार, आम्हांला वरची पदे नाकारली जातात, हीच होती. या देणगीत गोमंतकीयांचा हात कोठेच नव्हता. मग ती राखणार कोण?

लिस्बनमध्ये पोंबालचा सिंहासह भव्य पुतळा १९३४ साली उभा राहिला, तो सालाझारच्या राजवटीत. त्याच सालाझारच्या १९३० च्या वसाहत कायद्याने गोमंतकीयांना पुन्हा दुय्यम ठरविले होते. त्याला उत्तर मिळाले ते लिस्बनमधून नव्हे. लुईश द मिनेझिस ब्रागांझा यांनी त्याच वर्षी गोव्याच्या विधिमंडळात स्वयंनिर्णयाचा ठराव मांडला.

पळस्प्याच्या रस्त्याचेही तसेच. तो का रखडला, याचा जाब एका नागरिकाच्या याचिकेवरून सरकारला मुंबईच्या उच्च न्यायालयात द्यावा लागला. ताव्हरांसाठी असे दार कोठेही उघडे नव्हते.