पाण्याची परीक्षा

वस्तीवरच्या बोअरचे पाणी तोंडात घेतले की मचूळ लागते. चहाची चव बिघडते. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात तर हे रोजचेच दुखणे! आमच्या माता-भगिनी पाणी गाळतात, तुरटी फिरवतात, उकळतात. तरी खारटपणा जात नाही. का जात नाही?

मिठाचा खडा पाण्यात टाका. तो दिसेनासा होतो, पण संपत नाही. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. पाण्यात त्याचे सोडियम आयन आणि क्लोराइड आयन सुटे होतात आणि पाण्याचे रेणू प्रत्येकाला वेढून धरतात. ते इतके सूक्ष्म असतात की फडक्यातून सहज पार होतात. उकळल्याने पाणी आटते, क्लोराइड तेवढेच राहते. म्हणजे खारटपणा उलट वाढतो.

मग ओळखायचे कसे? दहावी-बारावीच्या मुलांनी हा प्रयोग नीट समजून घ्यावा. परीक्षानळीत थोडे पाणी घ्या. त्यात विरल नायट्रिक आम्लाचे काही थेंब टाका, म्हणजे कार्बोनेटमुळे फसगत होत नाही. येथे हायड्रोक्लोरिक आम्ल चालत नाही, कारण त्यातच क्लोराइड असते! आता सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडा. चांदीचा आयन क्लोराइडला पकडतो आणि दह्यासारखा पांढरा साका तयार होतो. तो अमोनियात विरघळतो, उजेडात ठेवल्यास काळपट होतो. सिल्व्हर नायट्रेटने कातडीवर काळे डाग पडतात, म्हणून हा प्रयोग शिक्षकांसमोरच करावा.

क्लोराइड किती, हे प्रयोगशाळेत मोजतात. त्या वेळी आम्ल न घालता पाण्यात पिवळे पोटॅशियम क्रोमेट टाकतात आणि सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबाने सोडतात. क्लोराइड संपले की विटकरी रंग येतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 250 मिलिग्रॅमपर्यंत क्लोराइड असावे. दुसरा स्रोतच नसेल तर 1000 पर्यंत चालवून घेतात.

एक गल्लत टाळा. जंतू मारायला टाकतात ती टीसीएल पावडर क्लोरीन देते. क्लोराइड जंतू मारत नाही. उलट, गोड्या विहिरीचे क्लोराइड अचानक वाढले तर गटाराचे वा संडासाचे पाणी झिरपत असल्याची शंका घ्यावी, कारण मूत्रात क्लोराइड असते. अशा वेळी जंतूंची तपासणीही करून घ्यावी.

येथे महाड आठवते. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही घालून तळे 'शुद्ध' केले! परीक्षानळीला विचाराल तर माणसाच्या ओंजळीने क्लोराइड वाढत नाही. गोमूत्राने मात्र वाढते. शुद्ध-अशुद्ध जातीने ठरत नाही, तपासणीने ठरते. भगवान बुद्धांनी कालामांना हेच सांगितले होते : केवळ परंपरा आहे म्हणून मानू नका, पारखून घ्या.

तेव्हा बंधू-भगिनींनो, आपल्या वस्तीच्या विहिरीचे, बोअरचे पाणी शेवटचे केव्हा तपासले, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. नमुना पाठवण्याचा आग्रह धरा, अहवाल लेखी मागा, आणि तो वस्तीच्या विहारात सर्वांसमोर वाचा. पाण्याला हात लावण्याचा हक्क बाबासाहेबांनी मिळवून दिला. ते पाणी पिण्याजोगे आहे की नाही, हे जाणून घेणे आता आपले काम आहे.

जय भीम!