गावाचे संकेतस्थळ आणि गुरुजींची बदली

गावाच्या अथवा शाळेच्या नावाने संकेतस्थळ उभारण्याचा उपक्रम हल्ली पुष्कळ शिक्षक हौसेने हाती घेतात. ही हौस स्तुत्य होय. परंतु शाळाभेटींत वारंवार असे आढळते की, उभारणाऱ्या गुरुजींची बदली झाली म्हणजे संकेतस्थळही मुके होते. एका शाळेतील मुलांनी गावच्या वृद्ध स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या. गुरुजी बदलून गेले. परवलीचा शब्द त्यांच्यापाशीच राहिला. नावाचे वार्षिक शुल्क भरावयाचे कोणाच्या ध्यानी आले नाही. दोन वर्षांचे श्रम दिसेनासे झाले, आणि त्या स्त्रियांपैकी कित्येक आज हयात नाहीत.

असे होऊ नये म्हणून ‘मुक्तस्रोत आशय व्यवस्थापन प्रणाली’ वापरावी. नाव भारदस्त असले, तरी तत्त्व हजेरीपत्रकाचेच आहे. हजेरीपत्रकात रकाने आधीच आखलेले असतात. शिक्षकाने केवळ नोंद करावयाची असते. तद्वत् या प्रणालीत पृष्ठांची मांडणी निराळी ठेवलेली असते व मजकूर निराळ्या कोठारात साठविला जातो. म्हणून मांडणी बदलली तरी मजकूर पुन्हा लिहावा लागत नाही, आणि संगणकाची भाषा न जाणणाऱ्यासही तो भरता येतो.

अशा प्रणालीचा उगम एका छोट्या समाजाच्या गरजेत आहे. बेल्जममधील अँटवर्प विद्यापीठाचे विद्यार्थी ड्रीस बाउटार्ट यांनी वसतिगृहातील मित्रांस परस्परांच्या वार्ता कळाव्यात म्हणून एक लहानसे संकेतस्थळ रचले. त्याचे नाव ‘डॉर्प’, म्हणजे डच भाषेत ‘गाव’, असे ठेवावयाचे होते. टंकलेखनात चूक होऊन ते ‘ड्रॉप’ झाले. त्यामागील आज्ञावली २००१ मध्ये सर्वांस खुली करण्यात आली, तीच ‘ड्रुपल’. २००३ मध्ये आलेली ‘वर्डप्रेस’ नवशिक्यास अधिक सोपी असून तिचे मराठी भाषांतरही उपलब्ध आहे.

दोहोंचा परवाना असा की, आज्ञावली कोणीही वापरावी, तपासावी, बदलावी व दुसऱ्यास द्यावी. आज्ञावलीचे मूल्य द्यावे लागत नाही. मात्र संकेतस्थळाचे स्वतःचे नाव व साठवणुकीची जागा यांसाठी वार्षिक शुल्क भरावे लागते. या मोकळीकीचा खरा लाभ पैशांपुरता नाही. एकाने सोडलेले काम दुसऱ्यास पुढे चालविता येते, हा तो लाभ होय.

तथापि प्रणाली खुली असून किल्ली एकाच्याच खिशात राहिली, तर उपयोग नाही. म्हणून संकेतस्थळाचे नाव शिक्षकाच्या खाजगी ईमेलवर न नोंदविता शाळेच्या ईमेलवर नोंदवावे. प्रशासकाचे अधिकार निदान दोघांकडे असावेत. वर्डप्रेसमध्ये ‘योगदानकर्ता’ अशी एक पायरी आहे. तो मजकूर लिहू शकतो, पण प्रसिद्ध करू शकत नाही. गावातील होतकरू तरुणांस ही पायरी द्यावी व संपादन शिक्षकाने करावे. आज्ञावलीची नवी आवृत्ती आली की ती बसवावी. जुन्या आवृत्तीतील उणिवांतून उपद्रवी लोक शिरकाव करतात. दर महिन्यास मजकूर व छायाचित्रे या दोहोंची प्रत काढून ती अन्यत्र जपून ठेवावी. पालकांच्या लेखी संमतीवाचून मुलांची छायाचित्रे देऊ नयेत. पत्ते व आधार क्रमांक तर कदापि नयेत.

शेवटी एक सूचना. बदलीच्या वेळी आपण जडसंग्रह नोंदवही व कपाटाच्या किल्ल्या सहीनिशी सोपवितो. त्याच यादीत संकेतस्थळाचे नाव, शुल्काची तारीख, अखेरच्या प्रतीचे ठिकाण आणि दोन्ही प्रशासकांची नावे लिहावीत. परवलीचा शब्द यादीत न लिहिता नव्या शिक्षकासमक्ष बदलून द्यावा. शिक्षक बदलून जाणारच. गावाने सांगितलेले मात्र गावापाशी राहिले पाहिजे.