डिकॉक्शन ठेवावे, कॉफी ठेवू नये

धाराशिव जिल्ह्यात रोजचे पेय चहाच. कॉफी होते ती निमित्ताने: पाहुणा चहा घेत नसेल, भजनाची बैठक लांबणार असेल किंवा परीक्षेसाठी पोरांना जागायचे असेल तेव्हा. बहुतेक घरांत ती इन्स्टंट पावडरची असते. दूध भरपूर, साखर सढळ आणि वरून किसलेले जायफळ. नळदुर्ग, उमरगा या पट्ट्यातून सोलापूर-हैदराबाद महामार्ग कर्नाटकात उतरतो. तिकडे गेले की फिल्टर कॉफी भेटते.

इन्स्टंट पावडर म्हणजे कॉफीचा अर्क काढून वाळवलेला, म्हणून ती पूर्ण विरघळते. फिल्टरची पूड विरघळत नाही. तिच्यासाठी दोन मजली पितळी किंवा स्टीलचे भांडे लागते. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक छिद्रे असतात. त्यात पूड घालून चकतीने हलकी दाबायची, वर उकळते पाणी ओतायचे आणि झाकण लावायचे. पंधरा-वीस मिनिटांत खाली दाट, काळे डिकॉक्शन उतरते. पुडीत अनेकदा चिकोरी मिसळलेली असते. तिने रंग आणि दाटपणा येतो, कॅफिन मात्र येत नाही. पाकिटावर तिचे प्रमाण छापलेले असते, ते पाहून घ्यावे.

करून ठेवलेली कॉफी टिकणे दुधावर अवलंबून आहे. दूध घातलेली कॉफी दुधासारखीच नासते. जंतू 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या दरम्यान झपाट्याने वाढतात, म्हणून ती बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा दिवसांत एक तास झाला की ती टाकून द्यावी. पुन्हा उकळून काम भागेल ही समजूत धोक्याची आहे, कारण काही जंतूंनी सोडलेले विष उकळूनही जात नाही. थर्मासमध्येही हाच नियम लागू होतो. दोन भिंतींमधल्या निर्वात पोकळीमुळे उष्णता अडते, पण हळूहळू कॉफी कोमट होतेच. शेतावर किंवा प्रवासात न्यायची तर थर्मास आधी गरम पाण्याने विसळावा, कॉफी कडकडीत भरावी आणि कोमट लागण्याआधी संपवावी. बूच आणि रबराची कडी रोज घासावी; दुधाचा थर तिथेच साचतो.

काळ्या डिकॉक्शनचे तसे नाही. निवल्यावर काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवले तर तीन-चार दिवस चालते. सुगंध मात्र पहिल्या दिवसानंतर उतरत जातो. गॅसवर तासन्‌तास गरम ठेवले तर त्यातील आम्लांचे विघटन होऊन चव कडवट, आंबूस होते. म्हणून डिकॉक्शन न उकळता कपात घ्यावे आणि त्यावर उकळते दूध ओतावे. लोडशेडिंगमुळे फ्रिज बराच वेळ बंद राहत असेल, तर त्या दिवसापुरतेच करावे.

साठवून किंवा पुन्हा तापवून कॅफिन कमी होत नाही, त्यामुळे सकाळचे उरलेले डिकॉक्शन दिवसाच्या हिशेबात धरावे लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2024च्या आहार मार्गदर्शिकेत रोजची मर्यादा 300 मिलिग्रॅम सांगितली आहे. 150 मिलिलिटर फिल्टर कॉफीत 80 ते 120, तर इन्स्टंटमध्ये 50 ते 65 मिलिग्रॅम कॅफिन असते. जेवणाआधी आणि जेवणानंतर तासभर चहा-कॉफी टाळावी, असेही त्यात सांगितले आहे, कारण त्यातील टॅनिनमुळे अन्नातील लोह कमी अंगी लागते.