उल्हास नदीच्या आवाक्याबाहेर

उल्हासनगर कॅम्प २ मध्ये, गजानन मार्केटच्या आसपास कुठल्याही कापड व्यापाऱ्याला बॅकअपबद्दल विचारा. बहुतेकदा उत्तर येतं, ‘आहे ना, हार्डडिस्क लावून ठेवलीय.’ ती हार्डडिस्क सर्व्हरला रात्रंदिवस जोडलेली असते. खंडणीसाठी डेटाला कुलूप लावणारं रॅन्समवेअर सर्व्हरमध्ये शिरलं की थोड्याच वेळात ते तिच्यातही शिरतं, आणि टॅलीचा मूळ डेटा व त्याची प्रत, दोन्हींना एकदमच कुलूप लागतं.

जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ नावाच्या व्हायरसने न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं, ते पुष्कळांना आठवत असेल. ते टर्मिनल चालवणाऱ्या मर्स्क समूहाचं जगभरचं नेटवर्क त्या हल्ल्यात कोसळलं. ते पुन्हा उभं करायला लागणाऱ्या मुख्य माहितीची फक्त एक प्रत शाबूत सापडली, ती आफ्रिकेतल्या घानामध्ये. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती आणि ते यंत्र नेटवर्कपासून तुटलेलं होतं. मर्स्कच्या बाबतीत जे नशिबाने घडलं, ते टेप ड्राइव्हमुळे रोज ठरवून करता येतं. रात्री फीत लिहायची, सकाळी काढायची, कपाटात ठेवायची. तारेला न जोडलेल्या वस्तूपर्यंत कुठलाही व्हायरस पोहोचत नाही.

टेप म्हटलं की लोकांना जुनी कॅसेट आठवते. पण २०११ मध्ये जीमेलच्या काही खात्यांतली पत्रं एका बिघाडात नाहीशी झाली, तेव्हा गूगलने ती टेपवरूनच परत आणली. आज ऑफिसांत दिसतो तो प्रकार एलटीओ. तो एचपी, आयबीएम आणि सीगेट यांनी मिळून आणला आणि पहिली पिढी २००० साली बाजारात आली. तिच्या एका कार्ट्रिजमध्ये १०० जीबी मावत. २०२१ च्या नवव्या पिढीत १८ टीबी मावतात.

छोट्या कार्यालयासाठी मी सहाव्या पिढीचा ड्राइव्ह धरून बोलतो, कारण तो सेकंडहँड बाजारात मिळतो. त्याचं कार्ट्रिज साधारण १० सेंटीमीटरचं चौकोनी असतं. आत एकच रीळ, दुसरं ड्राइव्हच्या पोटात. रिळावर अर्ध्या इंच रुंदीची ८४६ मीटर फीत. कार्ट्रिज आत सरकवलं की ड्राइव्ह ते स्वतः ओढून घेतो, फितीच्या टोकाची पिन पकडतो आणि घरघर सुरू होते. एका वेळी १६ रेषा लिहीत फीत या टोकाकडून त्या टोकाला जाते, मग उलटी फिरते, असे १३६ फेरे. हिशेब केला तर पूर्ण भरलेलं कार्ट्रिज म्हणजे हेडखालून गेलेली सुमारे ११५ किलोमीटर फीत. पूर्ण वेगाने त्याला सव्वाचार तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. खोक्यावर ६.२५ टीबी छापलेलं असतं, ते दाबून बसवलेल्या डेटाचं माप. फोटो, व्हिडिओ आधीच दाबलेले असतात, तेव्हा अडीच टीबीच धरून चालावं.

बसवताना ड्राइव्ह रेड कार्डाला जोडू नये, साधं एसएएस एचबीए कार्ड वेगळं घ्यावं. लिनक्सवर तोच ड्राइव्ह दोन नावांनी दिसतो, ‘एसटी०’ आणि ‘एनएसटी०’. पहिल्या नावाने लिहिलं की काम संपताच फीत आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. त्यानंतर दुसरा बॅकअप त्याच नावाने दिला, तर तो पहिल्यावरच लिहिला जातो आणि कुठलीही सूचना येत नाही. एका फितीवर अनेक बॅकअप ठेवायचे तर ‘एनएसटी०’च वापरायचं.

दुसरी अडचण वेगाची. सर्व्हर डेटा हळू देत असेल तर ड्राइव्ह थांबतो, फीत मागे घेतो, पुन्हा धावतो. अशा ओढाताणीने हेड आणि फीत दोन्ही झिजतात. म्हणून बॅकअप आधी वेगवान डिस्कवर गोळा करावा आणि तिथून एका दमात टेपवर उतरवावा. साफसफाईचं कार्ट्रिज दर आठवड्याला घालणारे लोक आहेत. तसं करू नये, त्याने हेड घासला जातो. ड्राइव्हने मागणी केली की घालावं.

लिहिलेलं कार्ट्रिज ठेवायचं कुठे, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुष्कळजण एक संच दुकानात आणि दुसरा अंबरनाथ-बदलापूरच्या घरी ठेवतात. अंतर पुरेसं दिसतं, पण पाणी एकच आहे. २६ जुलै २००५ ला उल्हास आणि वालधुनी दोन्ही नद्या चढल्या होत्या आणि या पट्ट्यातले तळमजले बुडाले होते. २०१९ च्या जुलैत त्याच उल्हासच्या पुराने महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. तेव्हा दुसरा संच वरच्या मजल्यावर ठेवा, जमलं तर या खोऱ्याबाहेर. पावसाळ्यात एसी खोलीतून दमट हवेत आणलेलं कार्ट्रिज लगेच ड्राइव्हमध्ये घालू नका, एक दिवस तिथल्या हवेत राहू द्या.

उत्पादक फितीला ३० वर्षं आयुष्य सांगतात. ते खरं धरलं तरी वाचणारा ड्राइव्ह लागतोच, आणि आठव्या पिढीचा ड्राइव्ह सहाव्या पिढीची फीत वाचत नाही. जुना ड्राइव्ह भंगारात देण्याआधी हे तपासा. कंपनी असेल तर हिशेबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं जपावी लागतात, आणि ती संगणकावर असतील तर ऑगस्ट २०२२ पासून भारतातल्या सर्व्हरवर त्यांचा रोजचा बॅकअप बंधनकारक आहे. टेप त्या सर्व्हरची जागा घेत नाही, त्याच्या मागे उभी राहते.

ज्याचा सगळा डेटा शे-दोनशे जीबी आहे, त्याने टेपच्या वाटेला जाऊ नये. आलटून पालटून काढून ठेवलेल्या दोन डिस्क त्याला पुरतात. लग्नाचे व्हिडिओ साठवणारा स्टुडिओ किंवा डिझाइनच्या फायली जपणारा कारखानदार यांच्यासाठी मात्र हे यंत्र पैसे वसूल करून देतं. यंत्र घेतलं असेल तर एवढं करा: या महिन्यात कपाटातलं एक कार्ट्रिज काढा, एक जुनी फाइल दुसऱ्या संगणकावर उतरवा आणि ती उघडते का ते स्वतः पाहा.