नात्याचा रकाना भरताना

बँकेचा किंवा विम्याचा फॉर्म आला की आम्ही बचत गटातल्या बायका नाव-पत्ता भराभर लिहितो आणि एका रकान्यापाशी अडतो. तो रकाना म्हणजे नॉमिनीशी नाते. फॉर्म इंग्रजीत असला की कोणी चुलतभावाला ‘ब्रदर’ लिहिते, कोणी सुनेला ‘डॉटर’.

सून लेकीसारखी असेलही, पण कागदाला माया कळत नाही. जीवनज्योती विम्याचे वर्षाला ४३६ रुपये आपण भरतो, ते आपल्यामागे घरच्यांना २ लाख मिळावेत म्हणून. फॉर्मवर एक नाते आणि रेशनकार्डावर दुसरे निघाले, तर ऐन दुःखात त्यांना खुलासे देत बसावे लागेल. म्हणून हे शब्द नीट समजून घेऊ.

लग्नाने जुळलेल्या नात्याला इंग्रजीत ‘इन-लॉ’ जोडतात. सून म्हणजे ‘डॉटर-इन-लॉ’, जावई ‘सन-इन-लॉ’. नणंद, जाऊ, भावजय या तिघी मात्र एकाच ‘सिस्टर-इन-लॉ’मध्ये बसतात. जावेबद्दल स्पष्ट लिहायचे असेल तर ‘हजबंड्स ब्रदर्स वाइफ’ लिहावे, म्हणजे नवऱ्याच्या भावाची बायको.

दिराचा मुलगा आपला पुतण्या आणि भावाचा मुलगा भाचा. इंग्रजीत दोघेही ‘नेफ्यू’. पुतणी आणि भाची दोघी ‘नीस’. मुलाचा मुलगा असो की मुलीचा, नातू तो ‘ग्रँडसन’च.

चुलत, मामे, मावस, आते ही सगळी भावंडे ‘कझिन’. भाऊ असो वा बहीण, शब्द तोच. आपले आजी-आजोबा एक असले तर ‘फर्स्ट कझिन’. पणजी-पणजोबा एक असले तर ‘सेकंड कझिन’. आणि पिढीचा फरक पडला की ‘रिमूव्हड’ येते. आईच्या मामेभावाला आपण मामाच म्हणतो, पण इंग्रजीत तो आपला ‘फर्स्ट कझिन वन्स रिमूव्हड’, म्हणजे एका पिढीच्या अंतराचा. त्याची मुले आपली ‘सेकंड कझिन’.

इंग्रजीत नात्यांना शब्द कमी, असे आपण म्हणतो. पण एका ठिकाणी आपला शब्द अपुरा पडतो. सावत्र भाऊ दोन प्रकारचे असतात. आई किंवा वडील यांपैकी एक समान असेल तर तो ‘हाफ-ब्रदर’. आपल्या आईने किंवा वडिलांनी दुसरे लग्न केले आणि त्या जोडीदाराचा आधीचा मुलगा घरी आला, तर तो ‘स्टेप-ब्रदर’. त्याच्याशी रक्ताचे नाते नसते. वारसाहक्काचा प्रश्न आला की हा फरक फार मोठा ठरतो.

तेव्हा मैत्रिणींनो, आधी मराठीत फॉर्म मागा. तो नसेल तर नाते मराठीत पूर्ण सांगा, ‘माझ्या दिराचा मुलगा’ असे, आणि मगच इंग्रजी शब्द लिहा. दुसऱ्याने लिहिला असेल, तर सही करण्याआधी तो रकाना मोठ्याने वाचून घ्या.